शून्य ते शंभरचा कोणता आकडा खरा धरावा? एम५, ई६३ एस आणि टायकान

कारंजा_लाड

नमस्कार मंडळी. माझे मामेभाऊ नागपुरात व्यवसाय करतात आणि त्यांची शेती आमच्या कारंजा तालुक्यात आहे. जुन्या बाजारातून एखादी वेगवान आलिशान गाडी घ्यावी असे त्यांच्या मनात असून, बीएमडब्ल्यू एम५ कॉम्पिटिशन (२०२४ पूर्वीची पिढी), मर्सिडीज-एएमजी ई६३ एस आणि पोर्शे टायकान टर्बो एस या तीन गाड्यांवर बोलणे येऊन थांबले आहे. किंमत, देखभाल आणि सर्व्हिस सेंटर यांचा विचार त्यांनी केलेला आहे, तेव्हा त्या विषयात इथे शिरू नये, ही विनंती. माझा प्रश्न केवळ पिकअपचा आहे.

कंपनीच्या माहितीपत्रकानुसार शून्य ते ताशी १०० किलोमीटर वेग गाठायला एम५ कॉम्पिटिशनला ३.३ सेकंद, ई६३ एसला ३.४ आणि टायकान टर्बो एसला २.८ सेकंद लागतात. अमेरिकी मासिकांच्या चाचण्या पाहिल्या, तर तीच एम५ तीन सेकंदांच्या आत पोहोचलेली दिसते. आणि आपल्याकडच्या काही चित्रफितींत स्पीडोमीटरकडे कॅमेरा रोखून जे मोजलेले असते, ते या दोन्हींशी जुळत नाही. एकाच गाडीचे असे तीन आकडे कसे येतात? आणि समृद्धी महामार्ग, कारंजा–दारव्हा यांसारखा दुपदरी रस्ता, मे महिन्यातले ऊन असे सगळे धरले, तर या तिघींत प्रत्यक्ष फरक किती उरतो? जाणकारांनी हिशेबासह सांगितल्यास बरे होईल, कारण आमच्या घरातला वाद आता माहितीपत्रके एकमेकांना दाखवण्याच्या पलीकडे जात नाही.

तंत्रनिकेतन_यवतमाळ

तीन आकड्यांपैकी पहिले दोन आपापल्या परीने खरे आहेत आणि तिसरा बहुधा खोटा आहे.

आधी अमेरिकी आकड्याचे पाहू. तिकडे ताशी ६० मैलांपर्यंतचा वेळ मोजतात आणि ६० मैल म्हणजे ९६.६ किलोमीटर. उरलेल्या साडेतीन किलोमीटरसाठी अशा गाडीला साधारण एक दशांश सेकंद किंवा थोडा अधिक वेळ लागतो. मोठा फरक पडतो तो घड्याळ सुरू होण्याच्या जागेमुळे. ड्रॅग शर्यतीच्या, म्हणजे उभ्या जागेवरून सरळ रेषेत सुटण्याच्या शर्यतीच्या, पट्टीवर गाडीचे चाक प्रकाशकिरण अडवून उभे असते आणि गाडी साधारण एक फूट पुढे सरकल्यावर किरण मोकळा होऊन वेळ धावू लागते. अनेक अमेरिकी मासिकांनी तोच पायंडा पुढे चालवून पहिल्या फुटाचा वेळ वजा करण्याची पद्धत ठेवली आहे. आपल्याकडच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, जोडी जागची हलताना घड्याळ दाबायचे की रेषा ओलांडल्यावर, यावर जो वाद होऊ शकेल, तोच हा वाद. गाडी गुरुत्वत्वरणाइतक्या, म्हणजे दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद इतक्या त्वरणाने सुटली असे धरले, तर पहिला फूट पार करायला पाव सेकंद लागतो आणि तोवर तिने ताशी ९ किलोमीटरच्या आसपास वेग घेतलेला असतो. म्हणजे ते मोजमाप शून्यापासूनचे नसून सुमारे नऊपासूनचे असते. पाव सेकंद आणि वरचा एक दशांश सेकंद मिळून ३.३ चे २.९ होतात आणि त्यात गाडीने कसलीही वेगळी कर्तबगारी केलेली नसते. टेस्लाने मॉडेल एस प्लेडसाठी १.९९ सेकंदांचा जो आकडा जाहीर केला, त्यातही पहिला फूट वजा आहे, हे कंपनीनेच सांगितलेले आहे. ती तळटीप वाचायचे कष्ट मात्र फार थोडे लोक घेतात.

आता स्पीडोमीटर. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवता कामा नये. जास्त दाखवला तर चालतो, पण खऱ्या वेगाचा एक दशांश अधिक ताशी ४ किलोमीटर या मर्यादेपर्यंतच. याचा अर्थ असा की गाडी खरोखर ताशी ९० ने धावत असताना काटा १०३ वर असला, तरी तो नियमात बसतो. प्रत्यक्षात कंपन्या इतकी सूट घेत नाहीत, परंतु काटा १०० वर टेकला त्या क्षणी खरा वेग ९५ ते ९७ असणे अगदी सामान्य आहे. त्यामुळे काट्यावरून मोजलेला वेळ जवळजवळ नेहमीच कमी भरतो, आणि दोन कंपन्यांचे काटे वेगवेगळ्या प्रमाणात पुढे असल्यामुळे अशा चित्रफितींवरून दोन गाड्यांची तुलना तर मुळीच करता येत नाही.

पुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ३.३ सेकंद हा आकडा इंजिनचा आहे असा आपला समज असतो, पण तो बराचसा टायरचा आहे. चालकासह दोन हजार किलोची गाडी ताशी १०० ला पोहोचते तेव्हा तिच्यात सुमारे ७७२ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. ही ऊर्जा ३.३ सेकंदांत द्यायची, तर सरासरी २३४ किलोवॅट, म्हणजे साधारण ३२० अश्वशक्ती चाकांपर्यंत पोहोचावी लागते. एम५ कॉम्पिटिशनचे इंजिन ६२५ अश्वशक्तीचे आहे. मग उरलेली अर्धी शक्ती जाते कुठे? काही भाग गिअरपेटी, आस आणि हवेच्या रोधात खर्च होतो, इंजिन प्रत्येक क्षणी आपल्या शिखरावर नसते, आणि सुरुवातीच्या सेकंदा-दीड सेकंदात तर टायर पेलू शकत नाही म्हणून संगणकच ती रोखून धरतो. म्हणूनच ई६३ एसचे ६१२ अश्वशक्ती आणि ८५० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) एम५च्या ६२५ आणि ७५० समोर मांडून कागदावर कितीही वाद घातला, तरी शून्य ते शंभरमध्ये दोघींत एक दशांश सेकंदाचाच फरक निघतो. दोघीही चारही चाके ओढणाऱ्या आहेत आणि दोघींच्या टायरची पकड सारखीच.

वेग वाढला की टायरचे बंधन सुटते आणि वजनाला शक्ती किती, हा हिशेब सुरू होतो. याचे चांगले उदाहरण पोर्शेच्याच दोन गाड्यांत सापडते. ९११ टर्बो एस (२०२० ची) शंभरला २.७ सेकंदांत पोहोचते आणि टायकान टर्बो एस २.८ मध्ये. परंतु दोनशेपर्यंत ९११ ला ८.९ सेकंद लागतात, तर टायकानला ९.८. टायकानचे ७६१ अश्वशक्ती हे फक्त लाँच कंट्रोल, म्हणजे उभ्या जागेवरून पूर्ण जोराने सुटण्यासाठीची संगणकीय सोय, वापरताना काही क्षणांपुरते असतात, एरवी ६२५. आणि तिचे वजन २,३०० किलोच्या घरात जाते, तर ९११ चे १,६४० किलो. आपल्या यादीतल्या एम५ कॉम्पिटिशनला दोनशेपर्यंत १०.८ सेकंद लागतात, म्हणजे टायकान तिथेही पुढेच राहते. याच नियमाने आणखी एक कोडे सुटते: नव्या पिढीची, २०२४ ची एम५ बॅटरी आणि मोटर धरून ७२७ अश्वशक्तीची असूनही तिचा जाहीर आकडा ३.५ सेकंद, म्हणजे जुनीपेक्षा मंद आहे, कारण तिचे वजन २,४०० किलोच्या वर गेले आहे. टनामागे जुनीला सुमारे ३३० अश्वशक्ती मिळत होते आणि नवीला ३०० च मिळतात.

गॅरेज_हिंगणघाट

सरांनी गणित मांडले आहे, मी रस्त्याचे सांगतो.

आपल्या भागात शून्य ते शंभरचा आकडा बिघडवणारी पहिली गोष्ट टायरचे वय ही आहे. अशा गाड्या जुन्या बाजारात येतात तेव्हा त्यांचे किलोमीटर कमी असतात आणि टायरवर नक्षी भरपूर दिसते, म्हणून घेणारा खूश होतो. पण टायरच्या बाजूला जो चार अंकी शिक्का असतो तो वाचावा. २३१९ असा शिक्का म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नागपूरच्या उन्हात पाच-सहा वर्षे उभ्या राहिलेल्या टायरचे रबर कडक झालेले असते आणि त्याची पकड नक्षीच्या खोलीवरून कळत नाही. सहाशे अश्वशक्तीच्या गाडीत हा दोष लगेच उघडा पडतो, कारण संगणक घसरण ओळखून शक्ती कापतो, आणि मालकाला मात्र इंजिन कमजोर झाल्याची शंका येते. पुढचे टायर नवे आणि मागचे झिजलेले अशी जोडणी असेल, तर चारचाकी ओढ असलेल्या गाडीत ताकद वाटणाऱ्या पेटीवरही ताण येतो. तेव्हा मामेभावांनी कुठलीही गाडी घेतली तरी चारही टायर एकाच काळातले आहेत ना, हे आधी बघावे आणि मगच पिकअपवर मत बनवावे.

दुसरी गोष्ट, रस्त्याचा पृष्ठभाग. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघते तेव्हा गावाजवळच्या डांबरी रस्त्यावरच खळे मांडलेले असते, आणि त्यानंतर कापसाच्या दिवसांत शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती रस्त्यावर पसरलेली असते. कोरड्या, स्वच्छ डांबरावर चांगला टायर जवळजवळ गाडीच्या वजनाइतकी पकड देतो, पण दाणे, भुसा किंवा ओलसर काळी माती आली की ती निम्म्यावर यायला वेळ लागत नाही. तिथे ३.३ ची एम५ आणि त्याच दर्जाचे टायर असलेली ४.५ ची कुठलीही चारचाकी ओढीची गाडी सारख्याच सुटतील, कारण दोघींनाही रस्ता परवानगी देईल तेवढेच मिळणार.

तिसरे, लाँच कंट्रोल ही रोजची वस्तू नाही. इंजिन आणि गिअरपेटीचे तेल ठरावीक तापमानाला यावे लागते, गाडी सरळ उभी असावी लागते, आणि लागोपाठ केले तर गिअरपेटी तापून यंत्रणा स्वतःच नकार देते. एम५ मध्ये टॉर्क कन्व्हर्टरची, म्हणजे इंजिनची ओढ तेलाच्या प्रवाहातून पुढे देणारी, आठ गिअरची पेटी आहे, ई६३ एसमध्ये नऊ गिअरची असून कन्व्हर्टरच्या जागी तेलात बुडालेला क्लच आहे. एएमजीची सुटका थोडी करकरीत वाटते आणि एम५ची मऊ, हे मी गिऱ्हाइकांच्या गाड्या चालवून सांगतो आहे, घड्याळ लावून नव्हे. टायकानमध्ये हा सगळा सोहळा सर्वांत कमी आहे. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर दोन्ही दाबायचे, ब्रेक सोडायचा, झाले. मात्र बॅटरी पुरेशी भरलेली असावी लागते. चार्ज खाली गेला की बॅटरीचा विद्युतदाब (व्होल्टेज) उतरतो आणि शिखरावरची शक्तीही त्याबरोबर उतरते. पेट्रोलच्या गाडीला टाकी अर्धी असली काय आणि पाव असली काय, उलट वजन कमी झाल्याचा फायदाच.

दारव्हा_न्यायालय

कोणी समृद्धीवर मोजून पाहण्याचा सल्ला देण्यापूर्वी लिहितो. समृद्धीवर मोटारींसाठी ताशी १२० ची मर्यादा आहे आणि मार्गिकेत गाडी उभी करून शून्यापासून सुटणे तिथे कुठल्याही अर्थाने चालणारे नाही. सार्वजनिक ठिकाणी शासनाच्या लेखी परवानगीविना शर्यत किंवा वेगचाचणी करणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खालील गुन्हा असून, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. विम्याच्या कागदावर वापराच्या मर्यादा ज्या परिच्छेदात लिहिलेल्या असतात, त्यात शर्यतीबरोबर वेगचाचणीही वगळलेली असते; तो परिच्छेद गाडीच्या किमतीकडे पाहून एकदा तरी वाचावा.

कारंजा_लाड

सर्वांचे आभार. कायद्याचा मुद्दा मान्य आहे आणि आमच्याकडे कोणाचा तसा बेतही नाही. तंत्रनिकेतनचे सर आणि गॅरेजवाले भाऊ, आपल्या उत्तरांवरून असे दिसते की सिग्नलवरून सुटण्याचा आकडा आमच्या फारसा कामाचा नाही. मामेभाऊंचे खरे काम दुपदरी रस्त्यावर कापसाची ट्रॉली किंवा एसटी ओलांडण्याचे आहे. तिथे या तीन गाड्यांत काय फरक पडेल? आणि उन्हाळ्याचा मुद्दा राहून गेला आहे.

मोर्शी_वरुड

ओलांडण्याचे मी सांगतो, उन्हाळ्याचे सरांकडे सोपवतो.

समजा, ट्रॉलीच्या मागे ताशी ५० ने चालत आहात आणि समोर मोकळे दिसताच ८० पर्यंत वेग न्यायचा आहे. गावाकडच्या दुपदरी रस्त्यावर त्यापुढे जायचे कारणच नाही. दोन हजार किलोच्या गाडीला यासाठी सुमारे ३०० किलोज्यूल ऊर्जा लागते. चाकांवर सरासरी २५० किलोवॅट मिळाले, तर १.२ सेकंदांत काम होते आणि तेवढ्यात गाडी २२ मीटर पुढे जाते. माणसांसह बाराशे किलोची साधी हॅचबॅक याच कामाला साडेचार सेकंद आणि ८० मीटर घेईल, तेही चालकाने योग्य गिअर आधीच टाकलेला असेल तर. या दोन टोकांतला फरक प्रचंड आहे आणि अशा गाडीचा गावाकडे खरोखर उपयोग असेल तर तो एवढाच. परंतु तुमच्या तीन गाड्या आपसांत ताडून पाहिल्या, तर फरक एक दशांश सेकंदाच्या आसपास निघेल, म्हणजे या वेगाला पावणेदोन-दोन मीटर. ट्रॉलीवर कापूस किती बाहेर आला आहे, यावरून त्याहून जास्त फरक पडतो.

मग निवड कशावरून करायची? अॅक्सिलरेटर दाबल्यापासून गाडी खरोखर ओढू लागेपर्यंत जो क्षण जातो, त्यावरून. पेट्रोलची गाडी आठव्या किंवा नवव्या नाही तरी सहाव्या गिअरमध्ये आरामात चाललेली असते. पाय दाबला की पेटीने तीन-चार गिअर उतरायचे, टर्बोने दाब भरायचा आणि मग ओढ लागायची. यात अर्धा सेकंद सहज जातो. १.२ सेकंदांच्या कामात अर्धा सेकंद वाट पाहणे म्हणजे किती, हे वेगळे सांगायला नको. हा अर्धा सेकंद कुठल्याही माहितीपत्रकात नसतो, कारण तिथले सगळे आकडे आधीच फुंकर घालून तयार ठेवलेल्या इंजिनचे असतात. एम५ आणि ई६३ एस स्पोर्ट मोडमध्ये ठेवल्या किंवा पॅडलने स्वतः दोन गिअर खाली घेतले, तर तो बराच आटोपतो. कम्फर्ट मोडमध्ये दोघीही आळसावलेल्या वाटतात. विद्युत मोटरला हे काहीच करायचे नसते. टायकानच्या मागच्या आसाला दोन गिअर असले, तरी मोटरची ओढ पाय दाबताक्षणीच मिळते. केवळ हा निकष लावायचा असेल तर माझे मत टायकानला, आणि हे मी मनाविरुद्ध लिहितो आहे, कारण आवाजाच्या बाबतीत माझा जीव त्या आठ सिलिंडरवर आहे.

एक अडचण मात्र ध्यानात ठेवावी. इतक्या जोराची गाडी ट्रॉलीला चिकटून चालवू नये. मागे अंतर ठेवून, समोरचे पूर्ण दिसल्यावरच बाहेर काढावी. गाडी वेगवान आहे म्हणून दिसण्याचे अंतर वाढत नाही, आणि ट्रॉलीला मागे दिवा असेलच याची खात्री आपल्याकडे रात्री कोणी देऊ शकत नाही.

तंत्रनिकेतन_यवतमाळ

उन्हाळ्याचा हिशेब असा. हवेची घनता तापमानाबरोबर घटते. समान दाबाला १५ अंश सेल्सिअसवर एक घनमीटर हवा १.२२५ किलो भरते, ४५ अंशांवर १.११ किलो. डिसेंबरातल्या १२ अंशांच्या पहाटेपासून मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या दुपारपर्यंत घनता सुमारे दहा टक्के उतरते, आणि चंद्रपूरकडे पारा याहूनही वर जातो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे, त्यामुळे आणखी तीन-साडेतीन टक्के कमी. टर्बो नसलेल्या इंजिनची शक्ती जवळजवळ याच प्रमाणात घटते. एम५ आणि ई६३ एस या दोन्ही टर्बोच्या असल्यामुळे त्यांचा संगणक दाब वाढवून पुष्कळशी भरपाई करतो, परंतु दाबलेली हवा आणखी तापते, थंड करणारी यंत्रणा ४५ अंशांच्या वाऱ्यावर काम करत असल्याने तिला पुरेसे थंड करू शकत नाही, आणि इंजिनात ठोका पडू नये, म्हणजे इंधन अवेळी पेटू नये म्हणून संगणक ठिणगीची वेळ मागे नेतो. शक्ती कमी होते ती इथे. एकदा ओढल्यावर फारसे जाणवत नाही. लागोपाठ तीन-चार वेळा ओढल्यावर जाणवते.

इंधनाचाही यात वाटा आहे. या इंजिनांचे जाहीर आकडे युरोपातल्या ९८ ऑक्टेनच्या पेट्रोलवरचे आहेत; ऑक्टेनचा आकडा जितका मोठा, तितके पेट्रोल ठोक्याला जास्त दाद देत नाही. शंभर ऑक्टेनचे पेट्रोल नागपूरसारख्या मोठ्या शहराबाहेर मिळेल असे धरून चालता येत नाही. सध्याच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा ऑक्टेन ९५ ठरवलेला आहे, म्हणजे जुन्या ९१ च्या मानाने तो ठोक्याच्या बाबतीत बरा, पण लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी. जुनी गाडी घेताना ती इतक्या इथेनॉलला चालते का, हे तिच्या पुस्तिकेतून किंवा इंधनटाकीच्या झाकणावरून पाहावे.

टायकानच्या मोटरला विरळ हवेचे काही देणेघेणे नाही, उलट विरळ हवेचा रोध थोडा कमीच होतो. तिची मर्यादा बॅटरीच्या तापमानाची. समृद्धीवर दुपारी दीर्घकाळ १२० ने चालवून, जलद चार्जिंग करून लगेच पूर्ण जोर मागितला, तर थंड करण्याची यंत्रणा आधी बॅटरी वाचवते आणि मग चालकाची हौस पुरवते.

मोजायचेच असेल तर खासगी आणि परवानगीच्या जागी मोजावे. इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्सची चाचणीसाठीची ११.३ किलोमीटरची अतिवेगी धावपट्टी २०२१ पासून आहे, आणि लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीच्या विमानपट्टीवर ड्रॅग शर्यती भरत आल्या आहेत. सेकंदाला दहा वेळा वेग टिपणारे जीपीएस यंत्र वापरावे, कारण साध्या फोनमधला जीपीएस बहुधा सेकंदाला एकदाच नोंद घेतो आणि तीन सेकंदांच्या घटनेला ते पुरत नाही. दोन्ही दिशांनी धावून सरासरी काढावी, कारण एका टक्क्याच्या चढाने दर सेकंदाला ०.१ मीटर प्रतिसेकंद एवढे त्वरण घटते आणि डोळ्याला तो चढ दिसतही नाही. यंत्रात पहिला फूट वजा करण्याची कळ असते, ती बंद ठेवावी. शून्य ते शंभरसोबत ५० ते ८० आणि ८० ते १२० असे दोन आकडे घ्यावेत, आणि हे दोन नेहमीच्या मोडमध्ये, पाय दाबल्या क्षणापासून मोजावेत. मामेभाऊंनी तिन्ही गाड्यांचे हे शेवटचे दोन आकडे एकाच दिवशी मिळवले, तर कारंज्याच्या रस्त्यासाठी त्यांना माहितीपत्रक उघडायची गरज राहणार नाही. यंत्र माझ्याकडे आहे, हवे असल्यास निरोप धाडावा.